दोन वजीर, एक प्यादं आणि मी

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझ्या सासऱ्यांनी माझ्या वडिलांना बुद्धिबळात एकदाही हरवलं नव्हतं. गंगाखेडला आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक, कारण मामा स्वतःच सांगतात. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचं इथं खत-बियाण्याचं दुकान, वडील तिकडं चारठाण्याला. दोघा व्याह्यांचे, आमच्याकडच्या बोलीत इवायांचे, डाव फोनवर चालतात. दोन्हीकडं पट मांडलेला, चाल तोंडी सांगायची, एकेक डाव चार-चार दिवस पुरतो.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत असा एक डाव रंगला की मी पापड लाटायचे सोडून पटाशी येऊन बसले. दोघांचे राजे, दोघांचे वजीर आणि मामांचं एकच प्यादं, वजीर व्हायला दोन घरं बाकी. वडील शहावर शह देत होते आणि मामा राजाला प्याद्याआड लपवत होते. असला डाव बरोबरीतच सुटतो, असं मला लहानपणी शिकवलेलं. शिकवणारे अर्थात वडीलच! मी मोबाईलवरच्या बुद्धिबळाच्या इंजिनात, म्हणजे अचूक चाल सांगणाऱ्या ॲपमध्ये, मोहरी मांडली. तशी दोघांची परवानगी होती, फक्त अट एक: "तू बघ, पण तोंडातून एक अक्षर काढायचं न्हाई."

इंजिन म्हणालं, मामा जिंकतात.

मी ताडकन उठले. पटावर पाचच मोहरी उरली की इंजिनाला विचार करावा लागत नाही, सगळी उत्तरं पाठ असतात. आणि उत्तर तरी कसलं! राजा लपवायचाच नाही. उघड्यावर काढायचा आणि सरळ वडिलांच्या राजाच्या दिशेनं चालवायचा. का, ते मला अर्ध्या तासानं उमगलं. दोन्ही राजे एका रेषेत आले की वडिलांच्या शहात मामांनी आपला वजीर आडवा घालायचा, आणि तोच वजीर उलटा शह देतो. मग वजिरांची अदलाबदल टळत नाही आणि प्यादं मोकळं सुटतं. इतकी वर्षं गणित शिकवते, पण इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं.

सांगायचं मात्र कुणालाच नाही. मी मूग गिळून बसले. मोबाईलवर दर चालीला उत्तर बदलायचं. मामा जिंकले, आता बरोबरी, पुन्हा मामा जिंकले, कारण वडीलही चुकत होते. आणि दोघांनाही पत्ता नाही! माझा जीव नुसता खालीवर.

दुसऱ्या दिवशी मामांची बोटं राजावरून एका घराकडं गेली, थांबली, मग दुसऱ्या घराकडं वळली. राजा बाहेर पडला. पुढच्या चालीला आणखी पुढं. चौथ्या दिवशी वडिलांनी शह दिला, मामांनी वजीर आडवा टाकला आणि फोनमध्ये ओरडले, "शह, इवाई!" मी टाळ्या पिटल्या.  मग वडील म्हणाले, "हरलो बुवा. लय भारी खेळलात."

मामांचा चेहरा फुलला आणि तसाच उतरला.

"न्हाई इवाई, ही बरोबरी धरा. मी पटाकडं कमी अन् सूनबाईच्या तोंडाकडं जास्त बघायलो होतो. चांगल्या घरावर बोट नेलं की हिचे डोळे हे एवढे व्हायचे. तुमी तिकडं एकटे, इकडं आमी दोघं."

माझे कान तापले. एक अक्षर न बोलता मी अख्खा डाव सांगून टाकला होता, तोही स्वतःच्या बापाविरुद्ध. मला लाज वाटली. आणि अकरा वर्षांनी हाती आलेली जीत अशी परत करणाऱ्या या माणसाचा अभिमानही तेवढाच वाटला.

वडील हसले. "बावीस वर्षं माझ्या घरात होती, पण मला तिचं तोंड कधी वाचता आलं न्हाई. तुमाला आलं. डाव तुमचाच."

मामांनी फोन माझ्या हातात दिला. मी आधी त्यांच्याकडं पाठ फिरवली, मग फोन कानाला लावला.