पुसेगावचं रिव्हॉल्वर आणि चौथा कप

सुरुवातीलाच सांगतो, भूतखेत, बाहेरचं, करणी... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहिणार होतो, पण लिहवत नाही. माझा धंदाच तसा आहे. जुनी लष्करी रिव्हॉल्वरं खरी की बनावट हे तपासायचं आणि संग्राहकाला त्यांची किंमत सांगायची. या धंद्यात प्रत्येक विकणाऱ्याकडे एक गोष्ट असते. 'हे अमावास्येला जड होतं', 'याच्या नळीतून आपोआप धूर निघतो'... गोष्ट जेवढी भारी तेवढा माल हलका, हा माझा अनुभव. मी नंबर बघतो, शिक्के बघतो, स्प्रिंग बघतो. गोष्टी चहाबरोबर ऐकून घेतो.

आमच्या हिंगोलीला पूर्वी निजामाच्या फौजेची छावणी होती, त्यामुळे आसपासच्या गावांत अशी विलायती हत्यारं अजून सापडतात. परवाना आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे येतो. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा, निकाल लागला की घरी परत आणि खंडेनवमीला त्याला हळदकुंकू. बाकी काही काम त्याला नसतं.

हे सगळं मला शिकवलं रहीमचाचांनी. हिंगोलीत त्यांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. डावखुरे होते. तरुणपणी एका स्प्रिंगनं त्यांच्या डाव्या अंगठ्याचं पेर उडवलं होतं. हत्यार समोर आलं की ते डाव्या तळहातावर घ्यायचे, अर्धा अंगठा मुठीवर दाबायचे आणि गप्प बसायचे. आपण ताटकळत राहायचं. मग हळूच एखादा शब्द बोलायचे आणि तो शब्द कधीच चुकायचा नाही.

त्यांच्याकडे शिकायला पहिला गेलो मी. विलास, त्यांचा दुसरा शागीर्द, माझ्यामागून पुष्कळ वर्षांनी आला. झाडू मीच मारला, त्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या चकरा मीच मारल्या. आणि जाताना चाचांनी त्यांचं पितळी भिंग कुणाला दिलं? विलासला! मला म्हणाले, "तेरी आँख तेज है बेटा, पर तुझे सबर नहीं." बरं. आँख तेज आहे तर भिंग मला द्या ना! आज चाचांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण विलासच्या खिशातून ते भिंग डोकावलं की मी अजून तोंड दुसरीकडे फिरवतो. त्यात हैदराबाद-पुण्याचे संग्राहक हल्ली आधी त्यालाच फोन करतात. कुणी जळकुटा म्हणेल. म्हणू दे.

तर मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. हैदराबादच्या एका मोठ्या संग्राहकाला आमच्या हिंगोलीजवळच्या पुसेगावच्या भगवानरावांचं रिव्हॉल्वर घ्यायचं होतं. त्यानं आम्हा दोघांनाही बोलावलं. म्हणाला, दोघांनी बघा, वेगवेगळं फोनवर सांगा, ज्याचं बरोबर ठरेल त्याच्याकडे माझा सगळा संग्रह तपासायला. म्हणजे पुढची काही वर्षं चिंता नाही आणि मुख्य म्हणजे, चाचांचा खरा शागीर्द कोण, ते एकदाचं ठरणार. मला दुसऱ्या गोष्टीचीच जास्त भूक होती.

दुपारी पोचलो. मी मोटारसायकलवर, विलास नव्या गाडीतून. बैठकीत सतरंजी अंथरलेली, समोर पाट, पाटावर रिव्हॉल्वर. भगवानराव पलीकडे बसले. आम्ही दोघं अलीकडे. आमच्या दोघांत एक माणूस बसेल एवढी जागा मीच मुद्दाम सोडली. त्याला खेटून कोण बसणार?

रिव्हॉल्वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. नव्या स्टीलच्या तांब्यासारखं चकचकीत!

"हे काय केलं भगवानराव?"

"मी न्हाई केलं, हिनं केलं," त्यांनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. तिथं त्यांच्या बायको, सुमनकाकू, लसूण सोलत बसल्या होत्या.

"मंग? पावणे बघायला येऊन राहिले अन् काळंकुट्ट ठेवायचं काय?" काकू म्हणाल्या. "चिंच लावून घासलं. देवाचे भांडे घासतो तसं."

 जुन्या हत्यारावरचा काळा थर म्हणजे त्याची अब्रू. तीच घासून टाकलेली. शिक्के पुसट झाले होते. तरी मी आधी रिकामं असल्याची खात्री केली, मधून उघडलं आणि उजेडाला धरून नंबर वाचले. सांगाड्याचा आणि नळीचा नंबर एकच. पण गोळ्या भरायच्या फिरत्या सिलिंडरवर भलताच नंबर. म्हणजे दोन हत्यारांचे तुकडे जोडून केलेलं एक. जोडकाम! बाहेर ओट्यावर जाऊन हैदराबादला फोन लावला आणि सांगून मोकळा झालो. किंमत निम्म्यानं खाली.

परत येऊन बसलो तर विलासनं रिव्हॉल्वर तळहातावर घेतलेलं. डाव्या तळहातावर. हा उजव्या हाताचा माणूस! मान थोडी माझ्या बाजूला कललेली आणि गप्प. मला वाटलं, नाटक करतोय. चाचांची नक्कल करून भगवानरावांवर छाप पाडतोय. इतका संताप आला...

बराच वेळ तो तसाच होता. मग म्हणाला, "भाऊ, मूठ खोलून बघू."

"कशाला? नंबर जुळत नाहीत, संपलं."

"खोलू तर."

त्यानं स्क्रू काढला, मुठीची लाकडी पट्टी उचलली. आत वर्षानुवर्षांचं कुंकू झिरपून बसलेलं, चिंच तिथवर पोचलीच नव्हती. त्यानं ते कापसानं हलकेच टिपलं. खाली लोखंडावर इंग्रज सरकारचा बाण, कावळ्याच्या पायासारखी ती तीन रेघांची खूण. आणि तिच्याशेजारी नंबर. सिलिंडरचाच नंबर! म्हणजे सिलिंडर फौजेच्याच कारखान्यात बदललं होतं आणि तशी नोंद तिथंच ठोकून ठेवली होती. अशी मूठ मी आयुष्यात बघितली नव्हती. हत्यार अस्सल निघालं, आणि दुर्मीळही.

मी भिंग मागितलं नाही. डोळ्यांनीच दिसत होतं.

मूठही मी उघडली असती हो, आणखी थोडं थांबलो असतो तर... जाऊ द्या.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ताटलीत चार कप. भगवानराव, विलास आणि मी, आम्ही तिघंच. काकू थबकल्या आणि आमच्या दोघांतल्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या, "ते बाबा कुठं गेले?"

"कोण बाबा?" भगवानरावांनी विचारलं.

"काहून, इथं बसले व्हते की आत्ता! पांढरी टोपी घातलेले. या विलासभाऊला दाखवून राहिले व्हते कायतरी. त्याच्या हाताखाली हात धरला व्हता, डावा." मग आपलाच अंगठा दुमडून दाखवत म्हणाल्या, "इथं पेर न्हाई त्यांचं. मनलं, तकलीफ झाली असंल बिचाऱ्याला."

 विलासच्या हातातला कापूस खाली पडला.

काकूंनी चाचांना कधी बघितलं असेल का? त्यांचं माहेर कनेरगाव नाक्याकडचं, हिंगोलीतल्या त्या दुकानात जायचं त्यांना काही कारण नव्हतं. चाचांचा फोटोही कुठं नाही, त्यांना फोटो काढलेला चालायचा नाही. बैठकीला बाहेरचं दार एकच, त्यातून कुणी आलं असतं तर ओट्यावरून मला दिसलं असतं. घरात चाचांचं नावही कुणी घेतलं नव्हतं. मी सगळं उलटसुलट विचारून घेतलं. काकू शेवटी चिडल्या. "मी काय खोटं बोलून राहिले व्हय? पावण्याचा कप काय उगं आणला?"

निघताना मी विलासला गाडीपाशी गाठलं. "खरं सांग. तुला काय जाणवलं?"

"काईच न्हाई भाऊ. आईशप्पथ. मूठ खोलावी वाटली, एवढंच." घाबरला होता. डावा हात उगाच पँटला पुसत होता.

काईच न्हाई! मी तिथंच त्याला थोबाडणार होतो. जिवंतपणी भिंग तुला, मेल्यावर हात तुझ्या हाताखाली आणि तुला साधं कळलंसुद्धा नाही?

एक गोष्ट मात्र मी विलासला सांगितली नाही. मोटारसायकलला किक मारायच्या आधी मी पुन्हा आत जाऊन काकूंना हळूच विचारलं होतं, "काकू, ते बाबा माझ्याकडं बघत होते का हो? एकदा तरी?"

काकूंनी आठवून बघितलं. बाई सरळ, खोटं सांगून माझं मन राखायचं त्यांना सुचलं नाही. म्हणाल्या, "न्हाई बा. तुमच्याकडं पाठ व्हती त्यांची."

हैदराबादचं काम विलासकडे गेलं. त्या दुपारी काय झालं याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा. मी आजही नंबर आणि शिक्केच बघतो. फक्त कुठंही तपासणीला गेलो की डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून बसतो, हत्यार बराच वेळ हातात धरून गप्प राहतो आणि चहा आला की आधी ताटलीतले कप बघतो.

अजून तरी ते बराबर माणसांइतकेच आलेत.