भाऊ लाईनवर हायेत

आमच्याकडे पुढारी धमकी द्यायला स्वतः येत नाही. दोन-तीन पोरं येतात, त्यातलं एक मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "भाऊ लाईनवर हायेत, बोला." फोन घेऊन एकदा "हो भाऊ" म्हणालात की संपलं, जन्मभर तेच म्हणायचं. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी बजावलं होतं, "दुसऱ्याच्या हातातला फोन कानाला लावायचा नाही. ज्याला बोलायचंय तो लिहून देईल." मी खूणगाठ बांधली. पाटोदा तालुक्यात मला 'फोन न घेणारी डॉक्टरीण' म्हणायचे. म्हणेनात का!

त्या उन्हाळ्यात आमच्या आरोग्य केंद्राच्या एका गावात हगवण-उलटीची साथ आली. ऊसतोडीहून परतलेले आणि मेंढरं राखणारे, सगळे एकाच टँकरचं पाणी पीत होते. टँकर भाऊंचा, विहीरही भाऊंचीच, आणि विहिरीला लागून फुटलेला संडासाचा खड्डा. पाण्याचा नमुना दूषित आला. मी विहिरीच्या मोटारीला कुलूप घालून सील ठोकलं आणि पाणी दुसऱ्या गावाहून आणायला लावलं. एक म्हातारा आधीच गेला होता. ती विहीर चालू झाली असती तर आणखी तिरड्या उठल्या असत्या. सरकारी सील तोडलं तर केस होते, म्हणून भाऊंना ते माझ्याच हातून काढून हवं होतं.

भर दुपारी भाऊंची पोरं आली. वॉर्डात खाट रिकामी नव्हती. मी एका मेंढपाळाच्या सुनेला सलाईन लावत होते. पोटुशी पोर, डोळे खोल गेलेले, शीर सापडत नव्हती. शेजारी तिची सासू उलटीची बादली धरून बसलेली.

"भाऊ लाईनवर हायेत. सील काढते म्हणा."

"हात रिकामा नाही," मी म्हणाले. "असता तरी घेतला नसता."

आमचा फार्मासिस्ट मध्ये पडला. बिचारा एरवी मोठ्यानं बोलायचा नाही. त्याच्या तोंडावर लोखंडी स्टूल बसलं आणि तो रक्त थुंकत खाली बसला. मग स्टूल मारणाऱ्या दांडगटानं माझी मान दाबून फोन माझ्या उजव्या कानाला लावला. आतून भाऊ गोड आवाजात म्हणाले, "बाई, कशाला उगाच?" शीर सापडली होती, सुई आत गेली होती, मी चिकटपट्टी लावत होते.

मग त्यानं त्याच बाजूला कानफटात मारली. डोक्यात शिट्टी वाजली आणि मानेवर काहीतरी कोमट उतरलं. मी खाटेवर कोसळले. त्यानं माझे केस धरले, दुसऱ्यानं सलाईनच्या स्टँडला लाथ घातली. सुई उपसून आली, पोरीच्या हातातून रक्त उडालं आणि स्टँड तिच्या पोटावर आदळला. तिची किंकाळी मला एकाच कानानं ऐकू आली.

म्हातारी उठली. "कावून रं मुडद्या? इहीर चालू कराया आलास न्हवं? ह्ये घे, तुज्या भाऊच्याच इहिरीचं पाणी हाय, पी!" आणि सगळी बादली फोनवाल्याच्या डोक्यावर उपडी केली. तो ओकत, धडपडत, शिव्या देत दारातून पळाला, त्याच्यामागे बाकीचे. फोन तिथंच घाणीत पडला होता आणि भाऊ आतून ओरडत होते, "हॅलो, हॅलो!" खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला आयुष्यात क्वचित झाला असेल.

पोर वाचली. पोटातलं गेलं. त्या लाथेला माझ्याकडे माफी नाही, आज नाही, मेल्यावरही नाही.

विहीर उपसून खड्डा बुजवेपर्यंत सील हललं नाही. ते निघालं आणि पाठोपाठ माझी बदली आष्टीकडे झाली. उजव्या कानाचा पडदा फाटला होता, पुढे कान पिकत गेला आणि त्या बाजूनं ऐकू येणं बंद झालं.

आष्टीला भाऊ दुसरे, पोरं दुसरी, वाक्य तेच. आता मी नाही म्हणत नाही. उजवा कान पुढे करते. बोलतात बिचारे बराच वेळ. तोवर मी शीर शोधत असते.