शुक्रवारची चप्पल

शुक्रवारी दुपारनंतर दीनामावशी पायातली चप्पल काढायची नाही. कुणाच्याही घरी गेली तरी उंबऱ्यातच उभी. "बस की, चहा टाकते," असं कुणी म्हटलं की तिचं ठरलेलं, "माणसं मोजू दे आधी." की निघालीच. एस्तेरकाकू तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "दीना, तू बूड टेकणार तरी कधी?" मावशी जाता जाता म्हणाली, "कबरस्तानात. तिथं जागा लई हाय, तू पण ये."

मोजायची माणसं म्हणजे आम्ही, तीन पोरकी लेकरं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन काही वर्षं झाली होती. औरंगाबादेत आमची बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं बोटांवर मोजण्याइतकी. कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी कचेरीत. प्रार्थनेला आमची मशीद, म्हणजे सिनेगॉग, नव्हती, एस्तेरकाकूच्याच पुढच्या खोलीत सगळे जमायचे. माझी आई आधीच गेली होती, मग रेल्वेतले बाबाही तापात गेले. दीनामावशी माझी रक्ताची कुणी नव्हे. विधवा बाई, एकुलता मुलगा शिकायला पुण्यात. पण आमची सोय तिनंच लावली. दर आठवड्याला लेकरानं नव्या घरी जायचं. ती म्हणायची, "एका घरात ठेवलं तर लेकरू त्या घराला जड व्हतं. सगळ्यांकडं ऱ्हायलं तर सगळ्यांचं व्हतं."

खरं होतं तिचं, नाही म्हणत नाही. कुणी मला उपाशी ठेवलं नाही, कुणी हात उगारला नाही. पण तुम्हीच सांगा, आठ-नऊ वर्षांच्या पोरीला सगळ्यांचं होऊन काय करायचंय? मी माझं गाठोडं कुठंच सोडायची नाही. वरच्या वर हात घालून फ्रॉक ओढून काढायची आणि पुन्हा गाठ मारायची. रात्री जाग आली की आधी आठवावं लागायचं, आज कुणाचं छप्पर.

घर बदलायचं ते शुक्रवारी. आमच्यात शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा सूर्य बुडायच्या आत लावतात. काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात. एकदा सूर्य बुडाला की शनिवारी अंधार पडेपर्यंत विस्तवाला हात लावायचा नाही. म्हणून दिवा लावायच्या आत प्रत्येक लेकरू नव्या घरी पोचलं पाहिजे. त्यासाठी मावशीची सगळी धावपळ. आमचे हात धरून ती अशी चालायची की आम्हाला पळावंच लागायचं.

एका शुक्रवारी मी एस्तेरकाकूकडून मावशीच्याच घरी जाणार होते. मावशी उंबऱ्यात उभी, आणि काकूनं विषय काढला, "दीना, सारा मोठी व्हायला लागली. असं किती दिवस फिरवणार? मुंबईला आश्रमात धाडून दे. आपल्यातल्या पोरी हायेत तिथं."

मावशी म्हणाली, "बघू. माणसं मोजू दे आधी. दोघांना पोचवते, मंग हिला नेते." आणि गेली.

तिनं नाही म्हटलं नाही, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. मी गाठोडं उचललं आणि मागच्या दारानं निघाले. पाय आपसूक स्टेशनाकडं वळले, आमच्या जुन्या क्वार्टरपाशी. तिथं आता दुसरं कुटुंब राहत होतं. दारात तांदूळ निवडणाऱ्या बाईनं विचारलं, "कुणाची गं तू?" मी समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले.

ऊन कलत गेलं. मग लांबूनच चपलांचा फटफट आवाज आला. मला वाटलं आता मार बसणार. मावशीनं नुसतं मनगट धरलं. "चल. सूर्य चाललाय."

आम्ही पळत आलो, पण गल्लीत शिरलो तेव्हा उजेड गेला होता. आमच्या लोकांच्या खिडक्यांतून दिवे दिसत होते. मावशीचं घर काळंकुट्ट. शेजारच्या खाला काड्यापेटी घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. "दीनाबी, मैं जला देऊं क्या?"

"नको खाला. आज नाय."

तेवढ्यात एस्तेरकाकू आली. "अगं, लावून तरी जायचंस. दोन मिन्टं लागतात."

"घरातलं माणूस बाहेर व्हतं," मावशी म्हणाली. "दिवा काय भिंतींसाठी लावायचा?"

काकू परत गेली.

आत काही दिसत नव्हतं. त्या अंधारात मला चप्पल काढल्याचा आवाज आला. मग मावशी खाली बसली, माझ्या शेजारी, भिंतीला टेकून. शुक्रवारी तिला बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही दिसलं नाहीच म्हणा.

"मला मुंबईला धाडणार?"

"एस्तेर बोलती लई."

"मग मी कुठं राहू?"

"आता बसलीस तिथं."

रविवारी तिनं माझं गाठोडं सोडलं. कपडे खुंटीला लावले, फडकं फाडून दिव्याच्या वाती वळल्या. उरलेल्या दोघांचंही फिरणं तिनं थांबवलं, त्यापायी कुणाकुणाशी भांडली ते सांगत बसले तर संध्याकाळ होईल.

पुढं मुलगा तिला इस्रायलला घेऊन गेला. माझं लग्न होऊन गेलं होतं तोवर. तिकडून फोन यायचा, तब्येत-पाणी काही नाही, पहिला प्रश्न, "माणसं मोजली का?" ती तिकडंच वारली. आता खरंच बसली असेल.

माझ्याकडं दोन पोरी राहतात, त्यांचं असं कुणी नाही म्हणून. आज शुक्रवार. पेल्यात तेल घालून ठेवलंय. एक पोरगी ओट्यावर बसलीय, दुसरी क्रांती चौकातल्या क्लासवरून अजून आली नाही. फोन उचलत नाही. ऊन समोरच्या गच्चीवर गेलंय. सून म्हणते, "आई, येईल हो ती, रिक्षा मिळाली नसेल. तुम्ही दिवा लावून घ्या."

काड्यापेटी मी तिच्या हातात दिली आणि चप्पल पायात घातली.