लिंक पाठवणारे सर

कुणालाही लिंक पाठवली की आमचे सर लगेच फोन करायचे आणि एवढंच विचारायचे, "उघडतंय का?" कसं झालंय, आवडलं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तुमच्याही ओळखीत असा माणूस असेल. विचारायचं असतं एक, तोंडातून येतं भलतंच.

धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराजवळ आमची दोन शिक्षकांची शाळा, सर आणि मी. मी शहापूरहून स्कूटीने जायची. सर मूळचे परभणीकडचे. बायको तिकडे शिक्षिका, लहान मुलगी तिच्याजवळ. बदलीची यादी लागायची, त्यात सरांचं नाव नसायचं. धसईत भाड्याच्या खोलीत ते एकटे राहत. शाळा सुटली की लॅपटॉप उघडून धड्यांच्या स्लाइड्स बनवत बसत.

इतर शाळांचे शिक्षक मोठाल्या फाइली पाठवत. आमच्या डोंगरात त्या उतरतच नसत. सर म्हणायचे, फाइल म्हणजे धान्याचं पोतं आणि लिंक म्हणजे दुकानाचा पत्ता. पोतं कशाला वाहायचं? पुढे त्यांनी शाळेचा ब्लॉग काढला आणि स्लाइड्स थेट त्या पानातच बसवल्या. पालकांनी पान उघडायचं आणि बोटाने पुढे सरकवायचं, बस.

पहिल्याच दिवशी एक आई मोबाइल घेऊन आली. "सर, माज्या मोबाइलात नाय उघडत. परवानगी माग म्हनतंय. कोनाची मागू?"

स्लाइड्स सर्वांना दिसतील अशी सोय करायलाच सर विसरले होते. "ताई, चूक माझी," ते म्हणाले. "दाराला कुलूप लावून पाहुण्यांना बोलावलं मी."

एकदा आम्ही म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत गेलो. सरांना बेरजेच्या स्लाइडसाठी बैलांचे फोटो हवे होते. ते काढून झाले आणि सर बांगड्यांच्या दुकानापाशी थांबले. दुकानवाल्या बाईने विचारलं, पोरीचा हात केवढा? सरांनी बोटांचं वर्तुळ करून दाखवलं, मग थोडं मोठं केलं, मग परत लहान. शेवटी माझ्याकडे वळले. "मॅडम, तिसरीतल्या मुलीचा हात केवढा असतो हो?"

रोज तिसरीतल्या मुलींना शिकवणारा माणूस! मे महिन्यात घरी नेल्यावर बांगड्या चढल्याच नाहीत, हे त्यांनी नंतर मला हसत सांगितलं. डोळे मात्र लॅपटॉपवरच होते.

जत्रेतून परतताना कळलं की आमच्या मुलांच्या आधी या स्लाइड्स सरांची मुलगी बघते. संध्याकाळी आई लिंक उघडून देते. पोपटी रंग तिच्या आवडीचा, म्हणून आमची गणितं पोपटी. पावसाळ्याच्या धड्यातल्या ढगाला मिशा होत्या, त्याही तिनेच मागितलेल्या.

मुलगी हुशार निघाली. पाचवीनंतर दूरच्या निवासी शाळेत तिची निवड झाली. सरांनी पेढे वाटले. आणि त्याच उन्हाळ्यात बदलीच्या यादीत सरांचं नाव आलं. मी अभिनंदन केलं, तर ते कोराच फळा बराच वेळ पुसत राहिले.

"मॅडम, मी घरी पोचेन तेव्हा ती वसतिगृहात असेल."

चहा झाल्यावर आम्ही वर्ग आवरला.

निरोपाला गावच्या बायकांनी घरच्या तांदळाची पिशवी दिली. जाताना सर सगळ्या स्लाइड्समध्ये बदल करायचा अधिकार मला देऊन गेले. आधी फोन व्हायचे, मग फक्त सणावारी शुभेच्छा, मग त्याही राहिल्या. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. सगळी मुलं एकाच खोलीत बसवून मी एकटीच शिकवते.

गेल्या आठवड्यात मुलं घरी गेल्यावर मी बेडकाच्या वाढीची स्लाइड दुरुस्त करत बसले होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात अचानक एक छोटा गोल उमटला. त्यात सरांचा फोटो होता. तिकडे बसून तेही तेच उघडून बघत होते. नव्या शाळेसाठी असेल, किंवा उगाच. त्यांच्या कर्सरची खूण एका शब्दापाशी थांबली आणि माझ्या 'शेपटि'चं 'शेपटी' झालं.

मी फोनकडे हात नेला, पण लावला नाही. पुढच्या स्लाइडवर गेले. तेही आले. शेपटी गळून बेडूक पाण्याबाहेर येईपर्यंत आम्ही दोघं काही न लिहिता पुढे सरकत राहिलो. मग तो गोल गेला.