दळवी, जाधव आणि मधल्या मॅडम

आमच्या लॅबमध्ये रोज सगळं धुतलं जातं. फ्लास्क, ब्युरेट, पिपेट, झालंच तर चहाचे कपसुद्धा. किस्से मात्र धुतले जात नाहीत. ते गाळासारखे तळाशी बसत राहतात. महाडच्या एमआयडीसीतल्या या केमिकल कंपनीत माझा निम्मा जन्म गेला. रिटायर झालेलं कुणी बाजारात भेटलं की आधी तब्येत विचारतं आणि मग डोळे बारीक करून म्हणतं, "लॅबमधली काय खबर?" म्हणजे त्यांना दळवी-जाधवांचं ऐकायचं असतं. मीही हसवायलाच म्हणून सुरुवात करते. पण अर्ध्यावर कधीतरी माझंच हसू जातं, आणि समोरच्याला एकदम आठवतं की त्याला भाजी घ्यायची आहे.

आमची लॅब म्हणजे चार माणसं. दळवी आणि जाधव हे दोघं सीनियर, मग मी, आणि काचसामान धुणाऱ्या पार्वतीमावशी. समोर काचेची केबिन, त्यात साहेब.

* * *

दळवी आणि जाधव कंपनीत एकाच दिवशी लागले, माझ्या बरेच आधी. दळवी मूळचे दासगावचे, पण घर महाडात, तळमजल्यावर. जाधव त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर. जाधवांकडे मोटारसायकल होती आणि दळवींना सायकलसुद्धा धड येत नव्हती. त्यामुळे पुढे जाधव, मागे दळवी, आणि दळवींच्या मांडीवर दोघांचे डबे, अशी ती वरात वर्षानुवर्षं गेटमधून आत यायची. जेवताना डबे बदललेले असायचे. जाधववहिनींची सुकट दळवी खाणार आणि दळवींच्या घरची वालाची उसळ जाधव खाणार.

एकदा दोघंही आले नाहीत. साहेबांनी दळवींच्या घरी फोन लावला. काय झालं म्हणून विचारलं.

दळवी म्हणाले, "साहेब, आज आम्हाला ताप आलाय."

ताप जाधवांना होता.

* * *

मग असिस्टंट मॅनेजरची एक जागा निघाली. एकच. दोघांपैकी कुणालाही दिली असती तरी चाललं असतं, इतके दोघं कामाला सारखे. साहेबांनी दळवींना दिली. चहाच्या वेळेला पेढे आणले, आम्हाला सगळ्यांना गोळा केलं आणि नाव जाहीर केलं. जाधवांनी पहिला पेढा उचलला आणि दळवींच्या तोंडात कोंबला. "दळव्या, आता साहेब झालास, गाडीचं पेट्रोल तुझं," म्हणाले. खरंच आनंदात होते. मी समोरच उभी होते, तोंडदेखला आनंद मला कळतो.

साहेबांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण साहेबांना दळवींचं कौतुक करायचं होतं. ते म्हणाले, "यांना मी महिनाभर आधीच कानावर घातलं होतं. पण माणूस बघा कसा विश्वासाचा. कुणाला म्हणून कळू दिलं नाही."

जाधव दळवींकडे वळले. "महिनाभर?"

दळवींनी कपात बघितलं.

संध्याकाळी जाधवांनी गाडीला किक मारली आणि ते निघून गेले. मी गेटवर आले तेव्हा दळवी दोन डबे हातात घेऊन उभे होते. त्यातला एक त्यांचा नव्हता.

* * *

दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. भांडण नाही, शिवी नाही. माणसं भांडली की अहोवरून अरेवर येतात. हे दोघं अरेवरून अहोवर गेले. 'दळव्या' होता त्याचे 'ते' झाले. मला वाटतं, त्यातच सगळं संपलं होतं. आम्हाला कळायला वेळ लागला, एवढंच.

पण काम तर एकत्रच. दोघांची टेबलं समोरासमोर, मधे हातभर अंतर. मग निरोप्या म्हणून माझी नेमणूक झाली.

"मॅडम, त्यांना सांगा, दुपारची बॅच फेल आहे."

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून यायचं, "मॅडम, त्यांना सांगा, कळलं."

सुरुवातीला कँटीनमध्ये याची नक्कल व्हायची. नवरा-बायकोसारखे रुसलेत म्हणून लोक हसायचे. पुढे कुणी त्यात जात आणली, कुणी गाव आणलं, कुणी साहेबांचं राजकारण आणलं. जाधवांनी स्वतः यातलं कधीच काही आणलं नाही. 

एकदा मी रजेवर होते आणि निरोपाचं काम पार्वतीमावशींवर आलं. मावशी पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीवरून यायच्या. घरी म्हशी, शेळ्या, सगळं उरकून, खाली उतरून गाडी पकडायच्या. दळवींनी त्यांना सांगितलं की जाधवांना म्हणावं, तुमच्या सॅम्पलचा पीएच कमी आहे. मावशी हातातला फ्लास्क ठेवून जाधवांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ते म्हनतात, तुमचं कायतरी कमी हाय. काय ता मला सांगता येत नाय."

जाधव उठले ते सरळ केबिनमध्ये गेले आणि प्लांटला बदली मागितली. साहेबांनी ती दिली नाही. मी रजेवरून आल्यावर मावशींनी मला बाजूला घेतलं. "मी पुन्हा नाय गो बाय सांगायची. म्हशीला वैरन टाकते ती बरी."

* * *

ही गोष्ट वरपर्यंत गेली. फक्त आमच्यासाठी नव्हे, पण आमचंही निमित्त धरून कंपनीने सगळ्यांसाठी एक वर्कशॉप ठेवलं. हायवेवरच्या हॉटेलचा हॉल घेतला. पुण्याहून एक बाई आल्या. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'कामाच्या ठिकाणी परस्परसंबंध समजून घेताना' असं झळकत होतं. बाई छान बोलल्या. ऐकून घेणं म्हणजे काय, मन मोकळं करणं म्हणजे काय. लोकांनी माना डोलावल्या आणि जेवणात गोड काय आहे याची चौकशी केली.

जेवणानंतर खेळ. एकाने डोळे मिटून मागे अंग टाकायचं, दुसऱ्याने झेलायचं. याने विश्वास वाढतो. बाईंना कुणाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी रांगेतून जोड्या पाडल्या आणि जाधवांच्या मागे दळवी आले.

 जाधव नकार देतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि ताठ उभ्याचे ताठ मागे पडले. दळवींनी त्यांना दोन्ही काखांत हात घालून धरलं. घट्ट धरलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी दळवी सोडेनात.

जाधव तसेच तिरपे, डोळे मिटलेले. म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, झालं आता."

बाईंना वाटलं, मॅडम म्हणजे त्याच. त्या म्हणाल्या, "व्हेरी गुड."

* * *

वर्कशॉपनंतर साहेबांच्या अंगात आलं. आता मी हे मिटवतोच, म्हणाले. दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि साक्षीला मला. दार लावून घेतलं. जे असेल ते आज इथं बोलून टाका, असा हुकूम केला.

दळवी म्हणाले, मी पोस्ट मागायला गेलो नव्हतो. साहेब म्हणाले, तो प्रश्नच नाही. जाधव खिडकीबाहेर प्लांटकडे बघत होते. बोलले ते माझ्याकडे बघून.

"पोस्टचं काही नाही, मॅडम. पण महिनाभर रोज गाडीवर माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून आले. त्या हाताचं मला काय ते कळत नाही."

दळवींचा चेहरा उतरला. ते पहिल्यांदाच थेट जाधवांशी बोलले. "अरे, रोज सांगणार होतो. रोज घरून ठरवून निघायचो. पण मागं बसून कसं सांगायचं? तुझं तोंड दिसत नव्हतं."

मला वाटलं, झालं. आता हा माणूस वळेल. हातभर तर अंतर होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. मुंबई ऑफिसचा होता. त्यांनी आम्हाला हाताने बाहेर जायची खूण केली आणि फोनवर सांगायला लागले की लॅबचा इश्यू सॉल्व्ह झालेला आहे. बाहेर आल्यावर दोघं आपापल्या टेबलाशी जाऊन बसले. मी पाणी प्यायले. दुपारी निरोप सुरू झाले.

* * *

मग पूर आला. सावित्रीचं पाणी महाडला नवीन नाही, पण त्या खेपेला ते ज्या वेगाने चढलं ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. दळवींच्या तळमजल्यात बघता बघता पाणी शिरलं. जाधववहिनींनी गच्चीतून दळवी नवरा-बायकोला पाण्यातून वाट काढत येताना बघितलं. त्यांनी नवऱ्याला काही विचारलं नाही. जिन्याच्या तोंडाशी उतरून हाका मारमारून दोघांना वर घेतलं.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. पाणी उतरेपर्यंत चौघं एका खोलीत. वीज नाही, फोन नाही. एकाच पातेल्यातला डाळभात. दोघी बायका एकमेकींशी सारख्या बोलत होत्या. हे दोघं एका सतरंजीच्या दोन टोकांना बसून बाहेरचं पाणी बघत होते. दळवींचं कपाट, गाद्या, देव, सगळं त्या पाण्याखाली होतं. एकदा दळवी तोंड झाकून रडले. जाधव उठले, पाण्याचा तांब्या भरून त्यांच्याजवळ ठेवला आणि पुन्हा आपल्या टोकाला जाऊन बसले.

पाणी उतरल्यावर जाधव फावडं घेऊन दळवींच्या घरी गेले आणि दिवसभर चिखल उपसला. गुडघ्यापर्यंतचा चिखल. दळवी आतून घमेली भरून देत होते, जाधव बाहेर ओतत होते. वहिनी म्हणाल्या, "बाई, मला वाटलं, गेलं एकदाचं वाहून. एवढं सगळं गेलं, तर हेही गेलं असेल."

कंपनी सुरू झाली. मी मुद्दाम लवकर गेले. दोघं आले, आपापल्या वाटेने. टेबलं पुसली, बसले.

"मॅडम," जाधव म्हणाले, "त्यांना विचारा, इन्शुरन्सवाले येऊन गेले का."

* * *

गेल्या पावसाळ्याच्या आधी दळवींना कावीळ झाली. महाडहून मुंबईला नेलं, तिथं लिव्हरचं काही वेगळंच निघालं. परत आणलं ते शववाहिकेतून. जाधव स्मशानात शेवटपर्यंत मागे, झाडाखाली उभे होते. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आले. कुणी त्यांच्याशी बोललं नाही, कारण काय बोलायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. माझं काम संपलं होतं. पहिले काही दिवस लॅबमध्ये इतकी शांतता असायची की मावशींच्या ब्रशचा आवाजसुद्धा ऐकू यायचा.

साहेबांनी दळवींच्या जागेचा चार्ज जाधवांना दिला. जाधवांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. बसायचे आपल्याच टेबलाशी. दळवींचं टेबल तसंच रिकामं.

पाऊस कमी झाला होता, तेव्हाची गोष्ट. दुपारी दळवींच्या टेबलावरचा फोन वाजला. मी उठणार, तेवढ्यात जाधव उठले. फोन जुना आहे, पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू येतं. कुणीतरी म्हातारे बोलत होते, कशेडी घाटाच्या अलीकडच्या एका वाडीवरून. दरड आली होती त्या वर्षी त्यांच्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं, तेव्हापासून दळवी पावसाळा सरला की त्यांचं पाणी तपासून द्यायचे. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यांना दळवी गेल्याचं ठाऊक नव्हतं.

"दळवी सायेब हायत काय?"

 जाधवांनी खुर्ची ओढली आणि ते त्या टेबलाशी बसले.

"बोलतोय," ते म्हणाले.

म्हाताऱ्यांनी सांगितलं, बाटली भरून ठेवली आहे, उद्याच्या एसटीने कुणाच्या तरी हाती धाडतो. जाधव म्हणाले, धाडा. पोरं तेच पाणी पितात, म्हातारे म्हणाले. जाधव म्हणाले, तोवर उकळून प्या, मी लगेच बघतो. घरची माणसं बरी आहेत का, असं म्हाताऱ्यांनी विचारलं. जाधव म्हणाले, बरी आहेत.

"सायेब, आवाज का वो असा?"

"जरा बसलाय," जाधव म्हणाले.