हिंग नसलेली पंगत

मिरज स्टेशनवर मला पोचवायला माझा थोरला भाऊ आला होता. गाडी हलता हलता तो खिडकीशी येऊन म्हणाला, "जमलं तर तिकडेच राहा रे." त्याच्या पोटात माया होती हे मला ठाऊक आहे. तरी ते वाक्य बंगळूर येईपर्यंत मला टोचत राहिलं.

मी काही हौसेने निघालो नव्हतो. कित्येक वर्षं पोट चाललेलं, तोंड आलेलं, अंगावरचं मांस उतरत गेलेलं. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी निदान केलं की गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या चिकट द्रव्याशी माझ्या आतड्याचं वैर आहे, आणि ते वैर इतकं जुनं झालंय की आता दूधही पचत नाही. गहू बंद, दूध बंद, कायमचं. लोक म्हणतात, त्यात काय, ज्वारीची भाकरी खा. पण गिरणीवाला माझी ज्वारी कुणाच्या तरी गव्हावर दळणार, आणि तेवढ्या पांढऱ्या धुळीनेही माझी आठवडाभर अंथरुणाशी गाठ पडणार. बायको होती तोवर तिने जात्यावर दळून मला जगवलं. ती गेल्यावर मी भावाकडे आलो. वहिनी वाईट नाहीत, पण चपात्या लाटणाऱ्या घरात एका माणसाचा तवा वेगळा किती दिवस राहणार? आणि लग्नकार्यात गेलो की प्रत्येक जण हमखास म्हणणार, "एवढंसं खाल्ल्याने काय होतंय?" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला माझ्या आतड्यांचा शाप आहे.

माझी बायको तंजावूरची, तिथल्या जुन्या मराठी घरातली. तिची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, तिचा एकदा फोन आला. मला एसटीडी बूथवर बोलावून घेऊन ती म्हणाली की आमच्या घरात गहू औषधालासुद्धा नसतो, माडीवरची खोली रिकामी आहे, या आणि कायमचे राहा. मी तिला लगेच हो म्हटलं नाही. मात्र या जगात अशी एक तरी जागा आहे का, जिथे मी चारचौघांच्या पंगतीत बसून न भिता जेवू शकेन, एवढं एकदा बघायचं मी ठरवलं. नसली तर पुढे काय, याचा विचार करायची माझी छाती नव्हती.

वाटेतल्या फलाटांवर चकचकीत पाकिटांच्या माळा लोंबत होत्या. बिस्किटं, केक, शेवया, कसली कसली नवी नावं. देशाची दारं उघडली आणि आत आलं ते सगळं मैद्याचं. डब्यातल्या एका कुटुंबाने माझ्यापुढे पुऱ्यांचा डबा धरला. पथ्य आहे म्हटल्यावर त्या बाईंनी सहानुभूतीने साखरेचा आजार का, असं विचारलं, आणि मी मान हलवून टाकली. खरं सांगत बसलो असतो तर बंगळूर आलं असतं.

त्रिचीहून बसने निघालो तेव्हा मात्र मन हलकं झालं. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर भात. पाटाचं पाणी रस्त्याच्या कडेने आमच्याबरोबर धावत होतं, नारळीच्या बागांमधून मोपेडी येत-जात होत्या, आणि गव्हाची एक ओंबी कुठे दिसत नव्हती. वेड्यासारखा एकटाच हसलो मी.

अक्काचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात ती, तिचा मुलगा रघु आणि सून जया. जयाला सातवा महिना लागलेला. पहिल्याच जेवणाला अक्काने केळीच्या पानावर भात वाढला आणि वर तुपाची पळी आणली. मी पानावर हात आडवा धरला. "तूप म्हणजे दूध नव्हें, भावोजी," ती म्हणाली, "ही अन्नशुद्धी." मोठ्या कष्टाने ती पळी मागे गेली. शेवटी मोर (ताक) आलं तेव्हा पुन्हा तेच. त्या मुलखात ताकभाताशिवाय उठणं म्हणजे अर्धपोटी उठणं. जयाला मराठी समजतं, पण बोलताना ती निम्मं तमिळ बोलते. ती म्हणाली, चित्तप्पा (काका) रागावून उठल्यासारखे दिसतात. आम्ही सगळे हसलो.

त्या जेवणाचं काय सांगू? सांबार, रसम, वाफाळलेल्या इडल्या, कडेला जाळी पडलेले कुरकुरीत डोसे. उपम्यापुरता होता तेवढा रवाही गव्हाचाच, असं मी सांगितल्यावर अक्काने तो शेजारी देऊन टाकला होता, माझं ताट-वाटी वेगळी घासत होती. वर्षानुवर्षांची भूक घेऊन मी जेवलो. मोठ्या देवळाच्या प्रशस्त फरशीवर संध्याकाळी बसलो असताना मी मनात माडीवरच्या खोलीत पलंग कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं.

मग पोटाने दगा दिला. आधी मला वाटलं पाणी बदललं. अक्काला वाटलं मिरची बाधली. रघु म्हणाला, हवा पालटेल, तिरुवैयारुला जाऊन कावेरी बघून या. गेलो. गावच्या बसमध्ये भाजीच्या पाट्यांमध्ये अंग चोरून उभा राहिलो. घाटावर पोचलो तेव्हा नदी संथ वाहत होती आणि कुणाच्या तरी ओसरीवर गाण्याची शिकवणी चालली होती. दोन मिनिटं बरं वाटलं आणि पोटात कळ आली. ज्या घरातून गाणं ऐकू येत होतं त्याच घरात शिरून, एका अनोळखी म्हाताऱ्या बाईला खुणेने पोट दाखवून मला परसदार विचारावं लागलं. शिकवणी थांबली. मुली तोंडावर पदर धरून बघत होत्या. त्या बाईंनी न बोलता बादली भरून दिली. परत येताना बसमध्ये मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. भाताच्या मुलखात येऊनही जर हेच व्हायचं असेल, तर माझं आता पृथ्वीवर कुठे जमणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून होतो. अक्का डोशाचं पीठ ढवळत होती. तिने एका डब्यातून मूठभर पांढरं पीठ काढून त्यात टाकलं. मी विचारलं हे काय. ती म्हणाली, कुरकुरीत होण्यासाठी मैदा.

मैदा म्हणजे गहूच, असं मी कसंबसं म्हटलं. अक्का हसली.

"हें गोधुमै (गहू) नव्हें, भावोजी. हा मैदा. मरवळ्ळी किळंगाचं (साबुदाण्याच्या कंदाचं) पीठ. इकडे असक्यांना ठावूक आहे."

असक्यांना म्हणजे सगळ्यांना. आणि खरंच, त्या गल्लीत सगळ्यांनाच ते तसं ठाऊक होतं. गहू लाल, मैदा पांढरा. गव्हाची रोटी, मैद्याची भिंतीवर पोस्टर चिकटवायची खळ. दोन्ही एका दाण्यातून येत असतील हे कुणाला कशाला सुचावं? अक्काला वाटलं माझी खात्री पटत नाही. म्हणून माझं समाधान करायला ती आणखी सांगू लागली.

"पेरुंगायमांत (हिंगात) देखील तोच असतो की. नुस्तं पेरुंगायम कुणाला सोसेल? मैद्यांत मळून बांधतात. तुम्हीं रोज खातांच ना?"

खात होतो. तंजावुरात रोज, आणि मिरजेतही प्रत्येक फोडणीत. आम्हीसुद्धा त्याला बांधणी हिंगच म्हणतो. कशात बांधलेला, हे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

रघुने घरी येऊन तिला तमिळमध्ये मैदा गव्हाचाच असतो हे समजावून सांगितलं. "मी तुम्हाला विष वाढलं," एवढंच ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने सगळी भांडी चिंचेने घासली. पण वर्षाची सांबारपूड हिंग घालून गिरणीत दळून भरून ठेवलेली. सांबार गेलं, रसम गेलं, लोणचं गेलं. मी मीठ घालून पेज पिऊ लागलो. घरातले तिघे पंगतीला बसले की मी माडीवर जायचो. खालून रसमचा वास यायचा आणि मला माझ्याच शरीराची किळस यायची. कुणी पाहुणा असा असतो का, की ज्याला जेवू घालणाऱ्यानेच भ्यावं?

त्याच आठवड्यात अक्काच्या यजमानांचं श्राद्ध आलं. त्या दिवशी भांडी वेगळी, मिरे घरीच कुटलेले, बाजारचं पीठ नाही, मिरची नाही. पितरांच्या पानाला हिंग चालत नाही. ब्राह्मण जेवून उठल्यावर अक्का माझ्याकडे आली आणि म्हणाली, आज तुम्ही बसा. मी तूप आणि खीर तेवढी नाकारली. मुगाची डाळ, आलं-मिरे घातलेली कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, उडदाचे वडे, तिळाचा लाडू. आम्हा चौघांच्या पंगतीत मी पोटभर जेवलो. रात्री झोप लागली. सकाळी पोट शांत होतं, आणि त्याच्या पुढच्या सकाळीही.

अक्काचा आनंद काय वर्णावा. कोडं सुटलं होतं. त्या दुपारी पानं वाढताना सगळ्यांसमोर ती म्हणाली, "तुम्हीं इथेंच राहा. मी रोज तुम्हाला असंच करीन."

जया भात कालवत होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एरवी मराठी टाळणारी ती मुलगी एकेक शब्द जुळवून मराठीत बोलली.

"चित्तप्पा, राग धरूं नका. श्राद्धाचा स्वैपाक श्राद्धाच्या दिवशीं. माझं लेकरूं ह्याच घरांत यायचं आहे. रोज तो वास नको."

अक्काने वाढायची पळी भांड्यात परत ठेवली. मनातून तिलाही ते पटत होतं. आणि खरं सांगतो, मलाही पटत होतं. बिनहिंगाची डाळ म्हणजे नुसती बिनहिंगाची डाळ, असं पुण्याचे डॉक्टर म्हणाले असते. पण ज्या घरात पाळणा टांगायचा आहे तिथे रोज मेलेल्यांचं अन्न कोण शिजवील? माझ्या बायकोनेही शिजवू दिलं नसतं.

मीच म्हणालो, मला मिरजेला कामं आहेत.

निघताना अक्काने हातात नारळ दिला. प्रवासाला निघालेल्या माणसाला तिने आयुष्यात प्रथमच फराळाशिवाय सोडलं असेल. "ह्यांत कुणी कांहीं मळत नाहीं," ती म्हणाली आणि आत वळली. भाताची शेतं पुन्हा खिडकीतून मागे गेली. या खेपेला मी पडदा ओढून घेतला.

घरी पोचलो तर माझ्या खोलीत पुतणीचं अभ्यासाचं टेबल मांडलेलं, भिंतीवर तिचं वेळापत्रक लावलेलं. माझा पलंग घडी घालून जिन्याखाली होता. मी परत येईन असं कुणाला वाटलंच नव्हतं. भाऊ ओशाळून टेबल ओढायला लागला. मी म्हटलं, राहू दे. माणूस आजाराने मरतो असं मी समजत होतो. पण त्याच्या कितीतरी आधीच पंगतीतली त्याची जागा भरून निघते, आणि त्यात कुणाचाही गुन्हा नसतो.

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. माझ्या चेहऱ्याकडे बघून खरोखरच कळवळून त्यांनी विचारलं, "तिकडचं काहीच मानवलं नाही का हो, भाऊजी?"

"एका दिवसाचं जेवण मानवलं," मी म्हणालो.

"मग त्यांना तेच रोज करायला सांगायचं होतं," वहिनी म्हणाल्या.