मागच्या सीटवरची बाई

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात प्रयोग म्हणून बनवलेली ती आलिशान मोटार मी दुरुस्त केली. तिचे धक्के मीच हेरून घालवले, हे कौतुक मी आजवर निमूट ऐकून घेतलं. ते खरं नाही. धक्के राहिले असते तर मालक काम काढूनच घेणार होता.

चाचणीला निघालो तेव्हा अमडापूरच्या बाजाराला जाणाऱ्या एका अनोळखी बाईंना मागं बसवलं. प्रत्येक खड्ड्याआधी त्या सीटवर हात टेकून अंग उचलत.

“असं काऊन करता, बाई?”

“येष्टीची सवय हाये, बाबा. गाडी राजाची, पन धक्के येष्टीचेच!”

पुढं बसून मला न जाणवलेले धक्के मागं बसत होते, म्हणून मागची स्प्रिंग मऊ करायला मी तिच्या पोलादी पट्ट्यांच्या थरातला एक पाटा काढला. पुढच्या बाजारी पुन्हा त्यांनाच बसवलं. आरशात त्यांचे हात मांडीवर दिसले. अमडापूर आल्यावर त्यांना हाक मारून उठवावं लागलं.